पुढे जाऊ का?

विश्वास ठेवा म्हणून गळ घालणार नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही ठेवला नसता. पण हे माझ्या घरात घडलंय, आणि अजून संपलेलं नाही.

अमावास्येची रात्र वगैरे काही नाही. गेल्या सोमवारची भर दुपार. आमच्या दोन खोल्यांच्या घरातली आतली खोली.

पिल्लू सात महिन्यांची आहे. ती झोपली की जेवढा वेळ हाती लागतो, तेवढ्यात माझी नोकरी. हेही तसंच लिहितेय. ती मांडीवर, एका हातात फोन.

माझं काम बिल्डचं. सगळ्यांनी लिहिलेला कोड गोळा करून त्यातून चालणारं सॉफ्टवेअर तयार करायचं. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एक कमांड टाइप करायची, एंटर मारायचं. पुढचं सगळं आपोआप. चाचण्यासुद्धा.

आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यातल्या सलाइनच्या पंपात जातं. थेंब किती वेगाने पडायचे, ते तेच ठरवतं.

म्हणून बाहेर पाठवण्याआधी बिल्ड एकदा थांबतो. काळ्या खिडकीत प्रश्न येतो.

पुढे जाऊ का?

माणसाने 'हो' किंवा 'नाही'चं बटण दाबून एंटर मारेपर्यंत तो तसाच थांबतो.

हा थांबा भिंगकाकांनी घातलेला. माझ्या आधी हे काम तेच करायचे. स्क्रीनवर बोट टेकवून एकेक ओळ वाचायचे, म्हणून ऑफिसने ठेवलेलं नाव.

"काका, मशीन सांगतंय ना सगळं ठीक आहे!" पोरं चिडवायची.

"मशीनला कुठे सलाइन लागतं?" काका म्हणायचे. बोट काही उचलायचे नाहीत.

मी बाळंतपणाच्या रजेवर असताना काका गेले. झोपेतच. रजेनंतर त्यांचं काम माझ्याकडे आलं आणि त्यांचा कॉम्प्युटर माझ्या घरी. कीबोर्डसकट.

सोमवारी मी बिल्ड चालू केला आणि पिल्लूने सूर लावला. बाहेरच्या खोलीत तिला पाजायला बसले. शेवटी प्रश्न येतो, हे रजेनंतर पार डोक्यातून गेलं होतं. तिच्याबरोबर माझाही डोळा लागला.

जाग आली ती आवाजाने...

टक्...

टक्.

एक बटण. मग एंटर.

नवरा कामावर. दाराला आतून कडी. घरात आम्ही दोघीच.

आत गेले. कुणी नव्हतं. प्रश्नापुढे 'हो' उमटलेलं. बिल्ड बाहेर गेलेला.

आणि स्क्रीनच्या काचेवर... वरपासून खालपर्यंत... ओळीओळीने फिरलेल्या बोटाचे ठसे.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

"अगं, झोपेत तूच दाबलं असशील. हल्ली रिमोट फ्रिजमध्ये ठेवतेस."

"एकदाच ठेवला होता!"

"एकदाच सापडला."

हसलो दोघं. मीही हसण्यावारी नेलं.

आता जे लिहितेय, त्याने मान खाली जाते.

मंगळवारी मी मुद्दाम बाहेर बसले. बुधवारीही. आत टक्... टक् झालं. दोन्ही दिवस. मला घाबरायला हवं होतं. त्याऐवजी हायसं वाटलं. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी माझं एक काम उरकून ठेवत होतं.

आत कोण येतं, हे बघायलाही मी उठले नाही. भिंतीच्या अलीकडे लेकराला कुशीत घेऊन खुशाल झोपले.

आई म्हणवते मी स्वतःला.

गुरुवारी आवाज यायला वेळ लागला. टक्... आणि मग बराच वेळ काहीच नाही...

टक्.

आत जाऊन बघते तर 'नाही'. बिल्ड अडवलेला. काचेवर ठसा एकच. एका ओळीवर दाबून धरलेला.

ती ओळ वाचली. थेंबांच्या वेगाची चाचणी झालीच नव्हती. कुणीतरी ती तात्पुरती बंद केली होती आणि परत सुरू करायची राहिली होती. आणि न झालेली चाचणी नापास होत नाही. खाली 'सगळं ठीक' लिहिलेलं.

ऑफिसला कळवलं. पाचव्या मिनिटाला आमच्या टीमच्या प्रमुखाचा, लीडचा फोन. तोंडाने फटकळ बाई आहे.

"अगं बये! आम्हा चौघांच्या नजरेतून सुटलं ते तुला बाळाच्या रडारडीत दिसलं कसं?"

"दिसलं..." मी म्हटलं.

"भिंगकाकांची गादी चालवतेस बघ! सगळ्यांना सांगितलंय, यापुढे तू 'हो' म्हटल्याशिवाय इथून काही हलणार नाही."

"बरं."

कान तापले होते. गेलेल्या माणसाच्या मेहनतीचं कौतुक मी पदरात पाडून घेतलं.

म्हणून आज ठरवलं. आज मी बसणार.

पिल्लूला खांद्यावर टाकलं, बिल्ड चालू केला. ओळी सरकत गेल्या. खरं सांगते, वाचल्या नाहीत. ती कुरकुरत होती, मी थोपटत होते, पापण्या मिटत होत्या. खाली 'सगळं ठीक' आलं. प्रश्न आला. मी 'हो'वर बोट ठेवलं.

बटण खाली जाईना.

शेजारचं दाबून पाहिलं. गेलं. पुसून पुन्हा 'हो'...

नाही.

बटण अडकलेलं नव्हतं. माझ्या बोटाच्या आणि बटणाच्या मध्ये काहीतरी होतं. गार. मऊ. पुढच्या टोकाला... नख.

पिल्लूची कुरकुर थांबली. ती माझ्या खांद्यावरून वर बघत होती. शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघावं तशी.

मी मान वळवली नाही.

सगळ्या ओळी वाचल्या. पहिल्यापासून. मग पुन्हा. चाचण्या सगळ्या झाल्यात. कुठे काही चुकलेलं दिसत नाही. काचेवर आज ठसाही नाही.

आज ते दाखवत नाहीयेत.

मघाशी लीडचा फोन येऊन गेला. "झालं का गं? दवाखाने खोळंबलेत."

"बघतेय."

"सापडलं काही?"

"अजून... बघतेय."

"बघ बघ. तू बघतेयस म्हणजे आम्ही निवांत."

काय सांगू तिला? चूक आहे? कुठली? की चुका शोधणारा वेगळाच आहे, आणि मी शेजारच्या खोलीत झोपा काढत होते?

ऊन उतरलं. पिल्लू मांडीवर झोपून गेली. मी अजून त्याच खुर्चीत आहे. मध्येच 'हो'वर बोट टेकवून बघते.

आहे. अजून आहे.

शेवटी आत्ता हळूच म्हटलं, "काका, मला नाही हो दिसत."

काही झालं नाही.

मग... कुणी पाठीमागून हात लावल्यासारखी... खुर्ची सरकली.

पुढे. स्क्रीनच्या जवळ.