एक्केचाळीस किलो जास्त

भुताखेतांच्या गोष्टींना हसणारा मी माणूस. तरी हे लिहितोय, कारण वजनाची ती चिठ्ठी मी स्वतःच्या हातात धरून पाहिली आहे.

हे घडलं माझ्या कुमुदताईच्या नवऱ्याच्या, संग्रामदाजींच्या बाबतीत. राहणार शारजा, नोकरी दुबईत. यंदाच्या जानेवारीतला दुसरा शुक्रवार. जागा, उम्म अल क्वैनकडची ड्रॅग स्ट्रिप. म्हणजे पाव मैलाची सरळ पट्टी. हिरवा दिवा लागला की सुटायचं. किती सेकंदांत पोचलात त्याची छापील चिठ्ठी मिळते.

दाजींना गाड्यांची हौस दांडगी. त्यांनी १९७३ची दोन सीटची जपानी स्पोर्ट्स कार घेतली, ती शेजारच्या बिल्डिंगमधल्या नोरा आंटींकडून. आंटींचा नवरा हेन्री, वसईचा. अकरा वर्षं खपून त्याने त्या गाडीचं इंजिन उभं केलं होतं. रोज तीच गाडी घेऊन शारजा-दुबईच्या ट्रॅफिकमध्ये ऑफिसला जायचा. त्याचं स्वप्न एकच. पट्टीवर बारा सेकंदांच्या आत.

आंटींनी शपथ घालून अडवलं. स्वप्न राहिलं आणि हेन्री फुप्फुसाच्या आजारात गेला.

चावी देताना आंटी म्हणाल्या होत्या, "रोज चालव, संग्राम. पण पट्टीवर शर्यतीला नको नेऊ, मॅन. प्रॉमिस कर."

"प्रॉमिस, आंटी."

मग त्या जरा हसल्या. "मला ड्रायव्हिंग यातच शिकवलं त्याने. बाजूला बसून डॅशबोर्डवर दोनदा टकटक करायचा. म्हणजे, गिअर बदल."

दाजींनी तीन महिने शब्द पाळला. पण मित्र चिडवायला लागले. खटारा म्हणाले! शेवटी दाजींनी पळवाट काढली. एकट्याने पळवली तर ती शर्यत कसली?

पहिली फेरी, १४.६२ सेकंद. परतीच्या रस्त्यावर गाडी काट्यावर घालतात, ड्रायव्हरसकट. वजन भरलं ११०४ किलो. सोबतची मित्रमंडळी पोट धरून हसली.

दुसऱ्या फेरीला दाजी रेषेवर आले तेव्हा सूर्य बुडाला होता. लांबून मगरिबची अजान येत होती.

आणि शेजारची सीट... करकरली.

मग खट्ट असा आवाज.

दाजींनी पाहिलं. शेजारच्या सीटचा बेल्ट लागलेला होता. खडखडू नये म्हणून आपणच लावला असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

हिरवा दिवा.

गाडी सुटली. आणि डॅशबोर्डवर...

टक टक.

दाजींच्या हाताने गिअर बदलला. विचार करायला वेळच नव्हता.

टक टक.

पुन्हा बदलला. गाडी अशी उसळली की पाठ सीटला चिकटली.

१२.३१ सेकंद.

पोरं नाचायला लागली. दाजींना मात्र घाम फुटला होता. ते तसेच काट्यावर आले. काट्यावरचा माणूस आकडा बघून वैतागला.

"भाईजान, दूसरे बंदे को उतारो. पैसेंजर अलाउड नहीं."

"कौन दूसरा?"

त्याने वाकून काचेतून आत पाहिलं... आणि दोन पावलं मागे सरला. वजनाची चिठ्ठी त्याने लांबूनच पुढे केली.

"यल्ला, ले जाओ गाडी. ले जाओ."

११४५ किलो.

दाजींनी गाडी कडेला घेतली, बाहेर पडले आणि आंटींना फोन लावला. आधी शब्द मोडल्याची कबुली दिली. मग विचारलं.

"आंटी... हेन्री अंकलचं वजन किती होतं?"



"आधीचं की शेवटचं?"

"शेवटचं."

"हॉस्पिटलमध्ये केलं तेव्हा एक्केचाळीस होतं."

 आंटींचा आवाज अगदी शांत होता.

"हळू आण त्याला. स्पीडब्रेकरवर जपून. हाडं दुखतात त्याची."

दाजी साठच्या वेगाने शारजाला आले. मागचे ट्रक हॉर्न मारत होते. त्यांनी शेजारी एकदाही पाहिलं नाही. वाटेत एकदाच कोरडा खोकला ऐकू आला. दाजी खोकले नव्हते.

आंटी पार्किंगमध्ये शाल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी शेजारचं दार उघडलं. थांबल्या. आजारी माणूस उतरेपर्यंत आपण थांबतो तेवढं. मग हवेतच शाल पांघरली, आणि ती शाल... खाली पडली नाही. हाताला धरून, एकेक पाऊल टाकत त्या लिफ्टकडे निघाल्या.

दाजी मागून ओरडले, "आंटी, गाडी तुम्हीच ठेवा. खलास. मला नको."

"पुढच्या शुक्रवारी ये," आंटी म्हणाल्या. "त्याचं बाराच्या आत राहिलंय."

दाजी पुन्हा पट्टीवर गेले. एकदा शब्द मोडला, आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू, असं म्हणतात. काट्यावर दर वेळी एक्केचाळीस किलो जास्त. आकडा मात्र उतरत चाललाय. १२.२०. मग १२.०८. गेल्या शुक्रवारी दाजींनी मुद्दाम अर्ध्यात ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तरी १२.०१.

मी न राहवून विचारलं, "दाजी, बाराच्या आत गेल्यावर काय?"

"आंटींना विचारलं मी. म्हणाल्या, मग तो माझ्याकडे राहणार नाही."

"मग कुठे राहणार?"

 त्याच दिवशी दाजींनी ताईच्या गळ्याची शपथ घेतली, आता पट्टीवर पाय ठेवणार नाही.

आज शुक्रवार. मघाशी ताईचा रडत फोन आला. गाडी पार्किंगमध्ये नाही. मला खरंच भीती वाटतेय. मी दाजींना सारखा फोन लावत होतो. पाचव्यांदा तो उचलला गेला.

"दाजी? कुठे आहात? दाजी, बोला ना!"

पलीकडे इंजिन गुरगुरत होतं. 

फक्त फोनवर, अगदी जवळून, कोणीतरी दोनदा टकटक केलं.