बाविसावा अंक

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. मी स्वतः त्या खोलीत होतो. म्हणजे, मी नव्हतो. शिपाई होता, आणि तो कधी खोटं बोलत नाही. बोलतो, पण चहा घेतल्यावर. हे त्याने चहाच्या आधी सांगितलं.

विद्यापीठाच्या तळघरात दप्तरखाना आहे. दारावर ‘अभिलेखागार’ अशी पाटी आहे, पण ते नाव ती रंगवणाऱ्याशिवाय कुणी घेतलं नसेल. तिथे दप्तरबाई तीस वर्षं बसल्या. जुने निकाल, बैठकांची इतिवृत्तं आणि विद्यार्थ्यांचे वार्षिकांक; त्यांतले वार्षिकांक म्हणजे बाईंचा जीव की प्राण. डांबरगोळ्यांचा आणि शिळ्या खळीचा वास त्यांच्या पदराला कायमचा चिकटलेला. निवृत्तीला आठवडा उरला होता. सगळे अंक स्कॅनिंगला पाठवायचे म्हणून त्या यादी करत होत्या. पट्टी लावून शिरोरेघ ओढणारी बाई. यादी छापल्यासारखी दिसायची. एकविसावा, तेविसावा, आणि मधे त्यांनीच कधीकाळी लिहिलेली ओळ: ‘बाविसावा – निघाला नाही.’

दुपारी तीनला मागणीच्या ट्रेमध्ये एक चिठ्ठी दिसली. अंक: बाविसावा. वाचणारे किती: एक. नावाची जागा कोरी.

“ही कोणी टाकली रे?”

“कोणी आलंच नाही, बाई. मी दारातच स्टूल टाकून बसलोय.”

“झोपला असशील.”

“झोपलो तरी एका डोळ्याने. आणि न निघालेला अंक मागणारा एक तर वेडा, नाहीतर प्राध्यापक. दोघंही पाय आपटत येतात.”

बाई हसल्या नाहीत. चिठ्ठीवरच्या एकाही अक्षराला शिरोरेघ नव्हती.

असं लिहिणारा माणूस त्यांनी जन्मात एकच पाहिला होता. “रेघा ओढत बसलो तर अंक निघायचा कधी, छोटे?” म्हणणारा त्यांचा दादा. बाविसाव्या अंकाचा संपादक. हस्तलिखितांचा गठ्ठा छापखान्यात द्यायच्या आदल्या दिवशी त्याला ताप भरला, आणि बारा दिवसांत सगळं आटोपलं. मग मित्र गठ्ठा मागायला आले. सोळा वर्षांच्या छोटीने तो पलंगाखाली सरकवला आणि सांगितलं, “घरात नाही.” पानापानावर दादाच्या दुरुस्त्या होत्या. त्याचं अक्षर तेवढंच उरलं होतं. ते कुणाच्या हातात कसं द्यायचं?

अंक निघालाच नाही. चोवीस पोरापोरींच्या कविता, कुणाची पहिली कथा, मेसच्या आचाऱ्याची मुलाखत, सगळं ट्रंकेत गेलं. जिने पुढे विद्यापीठाचा चिठोराही हरवू दिला नाही, तिने एक आख्खं वर्ष घरी लपवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली. तिसऱ्या दिवशीही. तीनच वाजता, शाई ओली. चौथ्या दिवशी खाली शेरा होता: ‘बाकीचेही विचारतायत.’

पाचव्या दिवशी बाईंनी गठ्ठा आणला. नोंदवहीतलं ‘निघाला नाही’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘हस्तलिखित, दाखल.’ वाचनाच्या टेबलावर, रिकाम्या खुर्चीसमोर तो ठेवला आणि त्या पाठ करून बसल्या. वाचकाच्या तोंडाकडे बघत राहायचं नाही, हा त्यांचाच नियम.

तीन वाजले. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. डांबरगोळ्यांच्या वासातून दुसराच वास वर आला: कोलनवॉटरचा, तापलेल्या कपाळावरच्या ओल्या पट्टीचा. मग पान उलटलं. बऱ्याच वेळाने दुसरं... एकेका ओळीवर बोट फिरावं इतकं सावकाश. दारातल्या शिपायालाही ते ऐकू आलं. वळून बघायची त्याची छाती झाली नाही.

“दादा...” बाई भिंतीकडे बघत पुटपुटल्या. “रागावलायस?”

पान उलटलं.

“देऊन टाकलं असतं तर तू संपला असतास रे... म्हणून...”

पुढचं पान फार वेळ उलटलं नाही.

पाचला खुर्ची सरकली. बाई वळल्या तेव्हा गठ्ठा फितीने बांधलेला होता. दादाची ती उलटी गाठ. बाईंना बेचाळीस वर्षांत ती कधी जमली नव्हती. वर चिठ्ठी: ‘परत केला.’

बाविसावा बाकीच्या अंकांबरोबर स्कॅनिंगला जाऊन परत आला. चिठ्ठ्या थांबल्या. बाई निवृत्त झाल्या, आता बहिणीकडे असतात, भाचरांना रागावतात, मजेत आहेत.

आता कबूल करतो. कोलनवॉटर खरं, गाठ खरी. हे शेवटचं तेवढं मी पदरचं घातलं. शिपाई सांगत होता तेव्हा त्याचा चहा पुढ्यात तसाच निवत होता, आणि मला काहीतरी बरं ऐकायचं होतं.

निवृत्तीनंतर महिन्याभरात बाईंना ताप भरला. बारा दिवस.

चिठ्ठी अजून येते. तीनच वाजता. शिपाई मुकाट्याने बाविसावा काढून टेबलावर ठेवतो आणि पाठ करून बसतो. आता चिठ्ठीतल्या अक्षरांना शिरोरेघ असते, पट्टी लावून ओढलेली.

वाचणारे किती: दोन.