लिंबोणीवरचा ढब्बू

चार्वीने लिंबोणीच्या पानावरची जाडजूड हिरवी अळी बोटाने डिवचली. अळीने डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास सुटला.

"ईऽऽ, सर, हिने काय केलं?" चार्वी खिदळली. तिच्या डोक्यावरची पांढरी टोपी मंद हिरवी उजळली. सासवडजवळच्या या शेतावर उन्हाळी शिबिराला येणाऱ्या प्रत्येक मुलाला अशी नवलटोपी मिळे. मुलाला किती नवल वाटलं, त्याचा आकडा संध्याकाळी पालकांच्या फोनवर जाई.

टिळेकर सर चपापले. काल हिनेच हेच विचारलं होतं ना? अळीचं नाव 'ढब्बू'सुद्धा हिनेच ठेवलं होतं. की आपलंच डोकं चालेनासं झालंय? जन्मभर जीवशास्त्र शिकवूनही त्यांचा स्वतःवर फारसा भरवसा नव्हता.

दोन दिवसांनी ढब्बूचा कोश झाला.

"तू नाव ठेवलेला ढब्बू आत आहे," सर म्हणाले.

"मी? मी तर हे झाड आजच बघतेय."

सरांनी शिबिराच्या संचालिका निमकर मॅडमना गाठलं. त्या सहज म्हणाल्या, "जेवणानंतर मुलं झोपतात, तेव्हा मेंदू सकाळची आठवण पक्की करतो. टोपीच्या लहरी ती पक्की होऊ देत नाहीत. नाहीतर चौथ्या दिवशी मुलं कंटाळतात, सर."

"अहो, पण अळी आठवत नसेल, तर फुलपाखरू कशाचं झालं हे त्यांना कळणार कसं?"

"फुलपाखरू बघून खूश होतात ना? बास की."

"आणि पालक?"

"त्यांना हसरं मूल घरी यायला हवं असतं. तुम्ही फार मनाला लावून घेता."

सरांनी कधी कोणावर आवाज चढवला नव्हता; आताही चढवला नाही. पण त्याच दुपारी मुलं झोपताच त्यांनी एकेक टोपी अलगद काढली, गुरांच्या हौदात बुडवली आणि दिवे विझेपर्यंत दाबून धरली.

दुसऱ्या सकाळी त्यांना फाटकावरच अडवलं. आत टेम्पोतून नव्या टोप्यांची खोकी उतरत होती. चार्वी धावत फाटकाशी आली. आज तिचं डोकं उघडं होतं आणि ती हसत नव्हती.

"सर, काल तुम्ही म्हणालात, ढब्बूचं नाव मी ठेवलं," ती गजांना धरून म्हणाली. "मग मी इथे किती दिवस येतेय?"