रिनिंगची सीट

हे घडलंय. पटत नसेल त्याने लाँग बावानला जावं आणि तिथल्या विमानातल्या त्या शेवटच्या सीटवर बसून दाखवावं.

ईस्टरच्या आधीचा गुरुवार. सकाळची वेळ. बोर्निओच्या डोंगरातली आमची एवढीशी धावपट्टी.

पादान पोरीला कडेवर घेऊन उभा होता. चार वर्षांची येस्ती. तापाने भाजत होती. मान टाकली होती.

मोठा दवाखाना तराकानला. विमानाने एक तास.

पायी गेलं तर... पोर वाटेतच संपली असती.

हा तास पादानला चांगलाच ठाऊक होता. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको रिनिंग इथल्याच बाकावर कळा देत बसली होती. तिची सीट ऐन वेळी एका साहेबाला दिली. "उद्या जा," म्हणाले.

उद्या विमान आलं. रिनिंग नव्हती.

आज तोच साहेब आला. सोबत तांदळाची पोती.

"पादान, तुझ्या दोन्ही सीटा साहेबांना लागतायत," काउंटरवरची बाई म्हणाली. "तू उद्या जा."

"उद्याचं मला सांगू नका, ताई! एकदा सांगून झालंय तुमचं!"

"आवाज खाली," साहेब म्हणाला. "पोरांना ताप येतच असतो रे."

आमच्याकडे विमानात चढण्याआधी सामानासारखं माणसालाही काट्यावर चढवतात. साहेब चढला.

वजन करणारे बालांगकाका बघतच राहिले.

"साहेब... एकशे तीस."

"डोळे फुटले का म्हाताऱ्या? ऐंशी आहे माझं!"

साहेबाने हातातली बॅग ठेवली. बूट काढले.

एकशे तीस.

खाली उतरला. काटा शून्यावर.

पुन्हा चढला...

एकशे तीस.

काका हळूच म्हणाले, "साहेब, तुमच्या मागे कोण उभं आहे?"

मागे कोणीच नव्हतं.

फक्त काट्याच्या कोरड्या पत्र्यावर दोन ओली पावलं उमटली होती. अनवाणी. बाईमाणसाची. साहेबाच्या टाचांना अगदी चिकटून...

साहेब अनवाणीच पळाला.

"पोती नकोत, काही नको!" वैमानिक ओरडला. "ढग उतरायच्या आत निघायचंय. बाप-लेकीला बसवा!"

विमान उठलं. येस्ती पादानच्या मांडीवर. शेजारची, शेवटची सीट रिकामी.

तिचा पट्टा मात्र बांधलेला होता.

पादानने तो बांधला नव्हता.

येस्तीने हात लांब केला. कोणाचं तरी बोट धरावं तशी मूठ मिटली... आणि तिचं कण्हणं थांबलं.

पोर वाचली.

तेव्हापासून तिथून सुटणाऱ्या प्रत्येक फेरीत पन्नास किलो जास्त भरतं. काटा बदलला. प्रार्थना झाल्या. काही फरक नाही. शेवटी ती सीट विकायचीच बंद केली.

जिवंत बाईला जी जागा दिली नाही, ती मेलेलीला मुकाट्याने देतात. हरामखोर!

पादानला विचारलं तर तो सूड वगैरे काही बोलत नाही. विमानाचा आवाज आला की घरात जातो, दार लावून घेतो.

त्या दिवशी तराकानला सगळे उतरले होते. पट्टा तसाच बांधलेला होता.

आणि पादानच्या खांद्यावरून मागे विमानाकडे बघत येस्तीने विचारलं होतं...

"बाबा, तास झाला ना? मग आई का उतरत नाही?"