कडू लागलेली साखर

झुरळ गोड जेलच्या ठिपक्यापाशी आलं, मिशा हलवल्या, चव घेतली आणि चटका बसल्यासारखं मागे सरलं. शेजारी सांडलेला शेंगदाण्याचा कूट मात्र त्यानं फस्त केला.

ओट्याखाली पालथी पडलेली कस्तुरी हे बघत होती. मारक औषध घातलेलं ते जेल झुरळं खाईनाशी झाली, तेव्हापासून सोसायटीचा यंत्रमानव फवाऱ्या दर महिन्याला घरभर फवारणी करू लागला. त्या वासानं आजोबांचा दमा उसळायचा. शेवटी ते दापोलीला बहिणीकडे राहायला गेले. ओट्याजवळ त्यांचं स्टूल रिकामं होतं. त्यांनी चहासाठी आलं ठेचल्याच्या आवाजानं कस्तुरीला आता जाग येत नसे.

आजोबा कीटकशास्त्रज्ञ. कस्तुरीनं भिंतीवरच्या पडद्यावर त्यांना गाठलं आणि पाहिलेलं सांगितलं. झुरळं शहाणी झाली का, असंही विचारलं.

"छे गं, एकही झुरळ काही शिकलं नाही. पुष्कळ झुरळांत एखादं जन्मतःच असं असतं, की त्याला ग्लुकोज (जेलमधली एक प्रकारची साखर) कडू लागतं. मग जेल कुणी खाल्लं?"

"ज्यांना गोड लागलं त्यांनी."

"आणि उरलं कोण?"

उरली ती, ज्यांना ते कडू लागलं. पिल्लं त्यांचीच झाली, आणि पिल्लांची जीभही आईबापांसारखीच.

फवारणीचंही तसंच, आजोबा म्हणाले. एकच औषध सतत वापरलं की ते पचवणारी झुरळंच वाढतात. याला कीटकनाशक प्रतिकार (औषधाला न जुमानण्याची क्षमता) म्हणतात. म्हणून आमिष बदलायचं, वेगळ्या तऱ्हेनं मारणारं औषध आलटून पालटून घ्यायचं आणि फटी बुजवायच्या.

"मी तर दर महिन्याला तेच औषध न चुकता मारलं," दारात उभा असलेला फवाऱ्या अभिमानानं म्हणाला.

"तिथंच चुकलं तुझं, बाबा," आजोबा त्याला म्हणाले.

फवाऱ्यानं फवारणी थांबवली, फटी लिंपल्या आणि ग्लुकोज नसलेलं, नव्या औषधाचं जेल लावलं. झुरळांनी ते खाल्लं. काही आठवड्यांनी ओट्याखाली एकही झुरळ दिसेना. कस्तुरी स्टूल रोज पुसायची. त्यावर बसायची मात्र नाही.

"आजोबा, हे जेलही कधीतरी निकामी होईल?"

"होईल. तेव्हा आपण पुन्हा ओट्याखाली पालथं पडून बघू."

"आपण?"

पडद्यावरचे आजोबा वाकले. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

कस्तुरी आलं शोधायला धावली.