जलप्रवाह आढळला नाही

कुठलंही रेकॉर्डिंग संपलं की कानसेन सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवत असे. माणसं गप्प असली तरी खोली गप्प नसते, हे तिचं लाडकं वाक्य. पंख्याची घरघर, खिडकीच्या काचेची थरथर, भिंतीपलीकडचा जिना, या सगळ्यांची मिळून प्रत्येक खोलीची आपली एक शांतता असते. पुढे बोलण्यातला एखादा खोकला कापला की त्या जागी ही शांतता जोडायची, म्हणजे ऐकणाऱ्याला ठिगळ कळत नाही. मोठमोठे प्राध्यापक आणि अधिकारी ते मिनिट वर्गाबाहेर उभं केल्यासारखे काढत.

कानसेन हे टोपणनाव मावशीने ठेवलं होतं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, तीस वर्षं पर्यावरणाचे खटले लढवून निवृत्त झालेली वकील. कोर्ट सुटलं पण बोलायची सवय सुटेना, म्हणून दोघींनी पॉडकास्ट सुरू केला. कायदे, परवानग्या, हरकती, जे वाचताना जांभया येतात ते मावशी असं सांगे की लोक भांडी घासता घासता ऐकत. बोलणं मावशीचं, बाकी सगळं कानसेनचं. स्टुडिओ म्हणजे मावशीची कपड्यांची खोली, भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेली.

या वेळचा विषय कानसेनच्या घरचाच होता. तिचे बाबा राहत त्या वस्तीच्या वरच्या अंगाला एक ओढा होता. अकरा वर्षांपूर्वी त्यावर भराव पडला. तेव्हापासून जोराचा पाऊस झाला की पाणी घराघरांत शिरे. बाबांनी फ्रिज चार विटांवर चढवला होता आणि त्यात विशेष काही नाही असं ते सांगत. आता त्या भरावावर एक कंपनी गोदाम बांधणार होती. ओढा आहे असं ठरलं तर नियमाने त्याच्या काठाला वीटही रचता आली नसती. पण कंपनीच्या अहवालात, पान त्रेचाळीसवर, एकच ओळ होती: 'प्रकल्पस्थळी कोणताही जलप्रवाह आढळला नाही.' दहा दिवसांनी परवानगी देणाऱ्या समितीपुढे सुनावणी होती. तिथे ही ओळ मंजूर झाली की बाबांच्या घरात येणारं पाणी सरकारच्या लेखी कुठूनच येत नव्हतं.

मावशीने ती ओळ माइकसमोर वाचली आणि चष्मा काढला. "थाप मारायची तर निदान परिच्छेदभर तरी मारावी माणसाने," ती म्हणाली. मग नेहमीचं मिनिट झालं.

दुपारी कानसेन ते मिनिट ऐकायला बसली. त्यात पाणी होतं.

अगदी बारीक, लांबून येणारं, दगडावरून घसरत पुढे जाणारं. ती वैतागली. घरातले नळ बघितले, फ्रिजचा प्लग काढला, वरच्या मजल्यावर फोन केला. "काकू, मशीन लावलंय का कपड्यांचं?"

"आज पाणीच नाही गं आलेलं," काकू म्हणाल्या.

तिने मावशीला पुन्हा गाद्यांमध्ये बसवलं. पान बेचाळीस वाचलं, धुळीबद्दल. मिनिटभर शांतता, स्वच्छ. पान चव्वेचाळीस वाचलं, झाडांबद्दल. स्वच्छ. मग पान त्रेचाळीस. खोलीत उघड्या कानाला काही नव्हतं, पण हेडफोनमध्ये पाणी आलं आणि सकाळच्या मिनिटापेक्षा जवळ आलं.

"मशीन बिघडलंय तुझं," मावशी म्हणाली. दुसरं मशीन आणलं. तेही तसंच बिघडलेलं निघालं. मावशीने हेडफोन घेतले, दोनदा ऐकले आणि हळूच टेबलावर ठेवले.

तिसऱ्या दिवशी दोघी अहवालासाठी जागा तपासलेल्या पाहणी अधिकाऱ्याकडे गेल्या. ती ओळ त्यानेच लिहिली होती. चौथ्या मजल्यावर त्याची केबिन होती, टेबलावर काच, काचेखाली मुलांचे फोटो. माणूस वाईट नव्हता. चहा मागवला, ओळखी काढल्या. ओढ्याबद्दल विचारल्यावर मात्र तो पाठ केल्यासारखा म्हणाला, "आम्ही जागेवर जाऊन पाहिलं. कोणताही जलप्रवाह आढळला नाही."

"आता एक मिनिट शांत बसू या सर," कानसेन म्हणाली.

विसाव्या सेकंदाला तिच्या हेडफोनमध्ये पाणी सुरू झालं. चाळिसाव्या सेकंदाला अधिकाऱ्याने खाली हात घातला, पायाशी ठेवलेली चामडी बॅग उचलली आणि मांडीवर घेतली. तळाला हात फिरवून पाहिला. त्याच्या कानावर हेडफोन नव्हते.

"काय झालं सर?"

"कुठे काय?" तो म्हणाला. निघताना निरोप द्यायला तो उठलासुद्धा नाही.

त्या दिवशी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. मावशीचं म्हणणं, तो आवाज पुसून टाक. जुने नकाशे आहेत, वस्तीची पत्रं आहेत, कागद भक्कम आहे. त्यात हे पाणी आलं तर लोक म्हणतील यांनीच घुसडलं, आणि सगळंच खोटं ठरेल. पुसायला दोन मिनिटंही लागली नसती. कानसेनने कर्सर त्या जागेवर नेला. डोळ्यांसमोर बाबांचा विटांवरचा फ्रिज आला आणि तिचं डोकं फिरलं.

"अकरा वर्षं सगळे पुसतच आलेत, मावशी. मी पुसणार नाही. मी आवाज कधी घुसडला नाही आणि आलेला आवाज कधी लपवला नाही. मिनिट आहे तसं जाईल. अख्खं."

"तू माझीच भाची," मावशी म्हणाली. तिला भीती वाटत होती, पण अभिमान त्याहून जास्त वाटत होता. तो तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होता.

एपिसोड गेला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या वकिलाची नोटीस आली: बनावट ध्वनी वापरून दिशाभूल, चोवीस तासांत काढा. मावशीने नोटिशीला दोन ओळींचं उत्तर दिलं. त्यातली एक ओळ छापण्यासारखी नव्हती. त्याच दिवशी एका निवृत्त पोस्टमनचा फोन आला. बावीस वर्षं तो ओढा ओलांडून टपाल वाटलेला माणूस.

"ताई, तो आवाज वाकणातला आहे ना? उंबराच्या मुळाशी पाणी असंच बोलायचं. पण तुम्ही कुठून मिळवलात? उंबरासकट गाडलाय तो."

"सुनावणीत हे सांगाल का?" कानसेनने विचारलं.

"सांगेन की. माझी आता कोण बदली करणार?"

सुनावणी सकाळी अकराला होती. दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, लांब टेबल, पाण्याच्या बंद बाटल्या, भिंतीवर दहा मिनिटं मागे चालणारं घड्याळ. पोस्टमनने उभं राहून सांगितलं ते समितीच्या अध्यक्षांनी हसून ऐकलं. मावशीने नकाशे मांडले. ते जुने आहेत, असं कंपनीचा वकील म्हणाला. नकाशे जुनेच असणार, ओढा कालचा आहे का, असं मावशी म्हणाली. मग वकिलाने पॉडकास्टचा विषय काढला. स्टुडिओत काय वाटेल ते करता येतं, साहेब.

कानसेन उठली आणि टेबलापासून दूर बसलेल्या पाहणी अधिकाऱ्याकडे तिने बोट दाखवलं. "मग इथेच करू या. माझं रेकॉर्डिंग वाजवूच नका. या सरांनी आपली ओळ मोठ्याने वाचावी आणि नंतर एक मिनिट कोणी बोलू नये. बस."

अध्यक्षांना गंमत वाटली. "होऊन जाऊ दे. पण त्यानंतर हा विषय संपला. सरांनी सही केली की ओळ कायम."

"आणि बोललेला प्रत्येक शब्द इतिवृत्तात यायला हवा," मावशी म्हणाली. "नियमच आहे." लिपिकाने मान डोलावली. शब्दही न गाळण्याबद्दल त्याची ख्याती होती.

पाहणी अधिकारी जागेवरूनच वाचू लागला. "प्रकल्पस्थळी कोणताही जलप्रवाह..." तो थांबला. घसा साफ केला. "...आढळला नाही."

कानसेनने घड्याळ लावलं.

पहिली दहा सेकंदं पंखा. मग पाणी. या वेळी ते लांबून आलं नाही. ते दारातून आलं.

तिने हेडफोन घट्ट धरले. पाणी भिंतीला लागून वळलं, खुर्च्यांच्या पायांमधून वाट काढत टेबलाखाली शिरलं. तिच्या घोट्यांना गार वाटलं. तिने खाली पाहिलं. फरशी कोरडी होती.

कंपनीच्या वकिलाने पाय उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले. तो समोरचे कागद वाचत होता. पाय उचलल्याचं त्याला माहीतही नव्हतं.

लिपिकाने पाय उचलले.

समितीच्या दोन्ही सदस्यांनी उचलले. अध्यक्षांनी बूट काढले आणि खुर्चीवर मांडी घातली.

कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

कानसेनने पाय हलवले नाहीत. गारठा पिंढऱ्यांपर्यंत आला तरी तिने टाचा फरशीवर रोवून धरल्या. शेजारी मावशीही तशीच बसली होती, हनुवटी वर करून.

मिनिट संपलं.

"मला तरी काही ऐकू आलं नाही," अध्यक्ष म्हणाले. मांडी तशीच होती. "कोणाला आलं?"

लिपिकाने पाय वर घेऊनच पेन उघडलं.

"मग झालं. या सर, सही करा."

अधिकाऱ्याची खुर्ची आणि टेबल यांच्यात सहा पावलांचं अंतर होतं. त्याने बूट काढले. मोजे त्यात खुपसले. मग वाकून पँटचे पाय गुडघ्याच्या वर दुमडले, बूट एका हातात उंच धरले आणि उजवा पाय सावकाश खाली सोडला. फरशीला टेकताच तो शहारला आणि त्याने पाय पुन्हा वर घेतला.

"सर?" अध्यक्ष म्हणाले. "येताय ना?"

"येतो साहेब," तो अगदी साध्या आवाजात म्हणाला. "ओढ्याला ओढ फार आहे. जरा उतरू दे, मग येतो."

लिपिकाने ते शब्द जसेच्या तसे इतिवृत्तात उतरवले आणि अंगठ्याने कागद धरून वही अध्यक्षांकडे सरकवली. अध्यक्षांनी वाचलं. अध्यक्षांनी ओढ्याच्या त्या शब्दांखाली सही केली, तारीख घातली आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली.

मावशी आणि कानसेन उठून दारापर्यंत चालत गेल्या. मागे खुर्च्यांवरून कोणीच खाली उतरलं नव्हतं.