सव्वासहाची नोंद

विश्वास ठेवा नाहीतर हसा. पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

तीन वर्षं झाली. डिसेंबरातला गुरुवार, संध्याकाळचे सव्वासहा. जळोचीचं वळण.

हवालदार संघपाल ड्युटीवर निघाले होते. एमआयडीसीतून सुटलेल्या मोटरसायकलींची नुसती रीघ.

आणि अचानक सगळे आवाज बंद झाले...

समोर अबोली उभी. त्यांच्याच गल्लीतली, निहारची बायको. ओढणी गळ्याशी घट्ट धरलेली.

“दादा, निहारनं माजा गळा दाबला. लिवून घ्या.”

नवरा-बायकोचं भांडण, संघपालांना वाटलं.

“सकाळी ठाण्यात ये. आईला घिऊन ये.”

गाडी सुरू करून त्यांनी मागं पाहिलं...

कुणीच नव्हतं.

तरी माणूस कामाचा पक्का. ठाण्यात पोचताच त्यांनी डायरीत तक्रार लिहिली. वेळ टाकली, सही ठोकली.

सातला फोन आला. अबोलीची आई श्यामलाबाई लेकीकडे आली, तर लेक स्वयंपाकघरात पडलेली. गळा दाबून मारलेली.

संघपालांनी तिथं जाऊन तिच्या हाताला हात लावून पाहिलं...

बोटं लाकडासारखी ताठ.

“हिला जाऊन सहा-सात तास झालेत,” डॉक्टर म्हणाले.

“न्हाय ओ! आत्ता सव्वासहाला बोलली माज्याशी.”



तपास साहेबांचा, धावपळ संघपालांची. संशयित तिघं. दीर मल्हार दिवसभर डाळजला लग्नात होता, शंभर माणसांनी पाहिलेला. शेजारच्या ज्ञानेशचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये. उरला निहार. मनगटावर नखांचे ओरखडे, घरात दुपारी दोघं जेवल्याची दोन उष्टी ताटं. तीननंतर मात्र तो कारखान्यात, हजेरी लागलेली.

डॉक्टरांची वेळ धरली की सगळं जुळत होतं. खुनी तोच!

आडवी आली ती फक्त संघपालांची नोंद.

निहारच्या वकिलानं कोर्टात तीच वाचली. सव्वासहाला बाई जिवंत होती, आणि तेव्हा निहार मशीनवर होता.

“हवालदार, तुम्ही तिला पाहिलं की नाही?”

खोटं बोलता आलं असतं. पण संघपालांच्या तोंडून “व्हय” निघून गेलं.

निहार सुटला.

बाहेर श्यामलाबाईंनी त्यांचा हात धरला.

“माज्या लेकीनं मेल्यावर येऊन तुमाला नाव सांगितलं. अन् तुमीच त्याला सोडवलं?”



परवा ते ठाण्यात एकटेच लिहीत बसले होते. भर दुपारी टेबलापलीकडची खुर्ची सरकली...

“दादा, आता कुणाला सांगू?”

त्यांनी मान वर केली नाही. पेनाचं टोपण लावलं आणि डायरी मिटून ठेवली.